आज्ञावलीने दिलेली आज्ञा

संगणकाची स्मृती, चकती, मुद्रणयंत्र इत्यादींवर प्रत्यक्ष अधिकार चालतो तो संचालन प्रणालीचा, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिमचा. फायलींची यादी करणे, मजकुराची क्रमवारी लावणे अशा नित्याच्या कामांसाठी या प्रणालीबरोबर अनेक लहान साधने आयतीच मिळतात. तीच कामे प्रत्येक आज्ञावलीत नव्याने लिहिण्यापेक्षा आयत्या साधनाला हाक मारणे शहाणपणाचे, हा विचार युनिक्स प्रणालीत विशेष रुजला. केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली तिचा आरंभ केला. १९७३ मध्ये तिचा गाभा ‘सी’ या संगणक-भाषेत पुन्हा लिहिला गेला.

ही हाक पोहोचते कशी? युनिक्समध्ये तिचे तीन टप्पे असतात. चालू आज्ञावली प्रथम ‘फोर्क’ ही विनंती करते; त्यासरशी तिची हुबेहूब प्रतिकृती निर्माण होते. मूळ आज्ञावलीला जनक व प्रतिकृतीला अपत्य असे म्हणता येईल. नंतर अपत्य ‘एक्झेक’ ही विनंती करते आणि स्वतःमधील सर्व मजकूर टाकून देऊन त्या जागी हव्या त्या साधनाला आणून बसवते. जनक मात्र ‘वेट’ या विनंतीने थांबून राहतो. काम संपले की त्याच्या हाती एक संख्या येते : शून्य म्हणजे कार्य सिद्धीस गेले, अन्य कोणतीही संख्या म्हणजे बहुधा काही विघ्न आले.

एवढा खटाटोप वाचावा म्हणून सी भाषेत ‘सिस्टिम’ नावाची सोय आहे. तिला संपूर्ण आज्ञा एका ओळीत द्यावयाची. ती ओळ ‘शेल’कडे सोपविली जाते. शेल हा माणूस आणि प्रणाली यांच्यामधील दुभाषा होय. ओळीतील काही चिन्हांना तो विशेष अर्थ देतो. अर्धविराम दिसला, की एक आज्ञा संपून दुसरी सुरू झाली असे तो समजतो.

धोका आहे तो येथेच. समजा, एखादी आज्ञावली वापरणाऱ्याकडून फायलीचे नाव घेते आणि तिच्यातील ओळी मोजण्याची आज्ञा शेलला देते. कोणी नावापुढे अर्धविराम देऊन ‘सर्व फायली पुसून टाक’ अशा अर्थाची आज्ञा जोडली, तर शेल तीही निमूटपणे पाळील. ओळीचा पूर्वार्ध आज्ञावलीच्या कर्त्याचा आणि उत्तरार्ध परक्याचा, हा भेद त्याला कळत नाही. शिवाय ही घुसविलेली आज्ञा चालते ती आज्ञावलीच्याच अधिकाराने; तो अधिकार जितका मोठा, तितका अनर्थही मोठा.

हे भय काल्पनिक नाही. ‘बॅश’ या प्रसिद्ध शेलमधील एक दोष सप्टेंबर २०१४ मध्ये उघडकीस आला. बाहेरून आलेल्या माहितीच्या शेपटाला जोडलेली आज्ञा हा शेल परस्पर पार पाडीत असे, आणि जगभरच्या असंख्य संगणकांवर तो कार्यरत होता.

यावरील उपाय साधा आहे. शक्य तेथे दुभाष्याला वगळावे आणि साधनाचे नाव व त्याला द्यावयाची माहिती ही दोन्ही प्रणालीच्या हाती निरनिराळी द्यावीत. पायथन भाषेत २००४ साली आलेली ‘सबप्रोसेस’ ही सोय, वेगळे सांगितले नाही तर, याच मार्गाने जाते. मग अर्धविराम हे नावातील केवळ एक अक्षर उरते. परक्याकडून आलेला शब्द माहिती म्हणून स्वीकारावा. त्याला आज्ञेचे स्थान कधीही देऊ नये.