सनबोर्डची मालगाडी

दुकानात मिळत नाही? मग बनवायची! हातात कटर, स्टीलची पट्टी आणि थोडा पेशन्स असला, की खरीखुरी मालगाडी होस्टेलच्या टेबलावर उतरते.

रेल्वे गेटवर अडकलो की आपण काय करतो? मोबाइल काढतो. मालगाडी जाईपर्यंत चार-पाच रील्स सहज होतात. मीही तेच करायचो. खरं तर मी भुसावळचा. रेल्वे कॉलनीत वाढलो, पप्पा मालगाडीचे गार्ड. तरी मालगाडीच्या एका वाघिणीला चाकं किती, असं कोणी विचारलं असतं तर मी गप्प बसलो असतो.

आठ असतात. आता झोपेतून उठवून विचारा. कारण गेल्या वर्षभरात माझ्या टेबलावर चार वाघिणी आणि एक ब्रेकव्हॅन तयार झालीय.

हे खूळ लागलं पुण्यात. कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे. बी. एस. जोशी यांनी आपल्या छंदातून ते उभं केलं आणि १९९८मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. सिग्नल पडतो, एक गाडी थांबते, दुसरी सुटते, गावात दिवे लागतात. मित्र शो संपल्यावर चहाला गेले, मी मात्र तिथंच रेंगाळलो. डोक्यात एकच किडा: आपल्या यार्डात दिसते तशी कोळशाची मालगाडी आपल्याकडे हवी यार!

शोधाशोध केली. जर्मनीची मार्कलिन, ब्रिटनची हॉर्नबी, जपानची काटो... नावं मोठी, पण गाड्या बहुतेक तिकडच्या. आपल्या गाड्यांची मॉडेल्स मोजकी आणि किमती आमच्या मेसच्या बिलाला लाजवणाऱ्या. म्हणजे पर्याय एकच उरला. स्वतः बनवणे.

आणि इथंच खरी मजा सुरू होते, कारण बनवायचं तर आधी नीट बघावं लागतं.

या छंदात जगभर सगळ्यात जास्त चालतं ते एचओ स्केल. म्हणजे खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान. कोळसा वाहणारी उघडी वाघीण, तिला ‘बॉक्सएन’ म्हणतात, कपलरसकट १० मीटर ७१ सेंटिमीटर लांब असते. भागिले ८७. उत्तर येतं १२.३ सेंटिमीटर, म्हणजे मोबाइलपेक्षाही छोटी. वाटलं, सोप्पंय! मग पूर्ण गाडीचा हिशेब केला. बॉक्सएनच्या एका रेकला साधारण ५८ वाघिणी. ५८ गुणिले १२.३ म्हणजे सात मीटरच्या वर. आमची अख्खी खोलीसुद्धा तेवढी नाही! त्यामुळे छंदवाले सरळ तडजोड करतात. आठ-दहा डबे लावायचे आणि बाकीचे मनात धरायचे.

दुसरी तडजोड रुळांची. एचओचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे, कारण ते युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजवरून आलेत. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. तो ८७ने भागला तर १९.३ येतात. म्हणजे तयार रुळांवर आपली गाडी ठेवली की खालचा भाग जवळपास तीन मिलिमीटरने अरुंद दिसतो. मी वैतागलो होतो. पण कळलं की ब्रिटिशांचंही तेच रडगाणं आहे. त्यांचं ‘डबल ओ’ स्केल १:७६चं, आणि रूळ मात्र तेच १६.५चे! इतकी वर्षं ते त्यावरच गाड्या पळवताहेत. मग आपण कशाला रडायचं?

सामान म्हणाल तर स्टेशनरीच्या दुकानातलंच. बॉडीला सनबोर्ड, वाघिणीच्या बाहेरच्या उभ्या पट्ट्यांना जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद, रेलिंगला स्टेपलरच्या पिना. चाकं तेवढी विकत घ्यायची, कारण ती वेडीवाकडी झाली की गाडी रुळांवर टिकत नाही. मग लालसर तपकिरी रंग. आणि सगळ्यात शेवटी, चकचकीत झालेली वाघीण घाण करायची! जवळपास कोरड्या ब्रशने गंज ओढायचा, खडूची पूड चोळून धूळ बसवायची. माझी पहिली वाघीण इतकी स्वच्छ होती की ती चपलेच्या खोक्यासारखी दिसत होती.

एक गोष्ट मात्र सिरियसली. मापं किंवा फोटो घ्यायला रुळांवर उतरू नका, तो रेल्वे कायद्याने गुन्हा आहे. उभ्या वाघिणीवर तर चढूच नका. वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात आणि तिला हात लागण्याचीही गरज नसते, नुसतं जवळ जाणं पुरतं. प्लॅटफॉर्मवरून, पादचारी पुलावरून बघा. भरपूर दिसतं.

इंजिन हे पुढचं प्रकरण. वाघीण ढकलली तरी चालते, इंजिनाला मोटर, गिअर आणि पुरेसं वजन लागतं. साध्या मॉडेलमध्ये दोन रुळांतूनच बारा व्होल्टपर्यंतचा डीसी करंट जातो. व्होल्टेज वाढवलं की वेग वाढतो, तारा उलटवल्या की गाडी उलटी. माझं टार्गेट आहे ‘खेकडा’. १९२८च्या सुमारास आलेलं, भोर आणि थळ घाटांत मालगाड्या ओढणारं जुनं विजेचं इंजिन. मध्ये केबिन, दोन्हीकडे बसकी नाकाडं, आणि वळणावर वाकेल असं सांध्यांचं शरीर. हे नाव रेल्वेतल्याच लोकांनी ठेवलेलं.

रूममेट इलेक्ट्रॉनिक्सचा. पहिले दोन महिने तो हसला. ‘सीव्हीत काय लिहिणार, खेळणी?’ त्याला मी अमेरिकेतल्या एमआयटीच्या ‘टेक मॉडेल रेलरोड क्लब’बद्दल सांगितलं. १९४०च्या दशकात विद्यार्थ्यांनी सुरू केलेला. टेबलावर गाड्या पळायच्या आणि टेबलाखाली टेलिफोनच्या रिलेंचं जंजाळ. तिथली पोरं पुढे कॉलेजच्या कॉम्प्युटरकडे वळली, आणि ‘हॅक’ हा शब्द कॉम्प्युटरच्या दुनियेत आला तो याच क्लबच्या बोलीतून. १९६२च्या ‘स्पेसवॉर’ या गेममागेही क्लबातलीच मंडळी होती. आता रूममेट माझ्या सिग्नलचं सर्किट बनवतोय. हसणं बंद.

दिवाळीत ब्रेकव्हॅन घरी नेली. जुनी, चार चाकांची, दोन्ही टोकांना उघडा व्हरांडा असलेली. पप्पांची निम्मी नोकरी अशाच डब्यात गेली. पंखा नाही, दिवा नाही, संडास नाही. सोबतीला लाइन बॉक्स, झेंड्या आणि हातदिवा. २०२२पासून गार्डला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात. शेवटच्या डब्याची खबर थेट इंजिनात पोचवणारी यंत्रंही आलीत, त्यामुळे काही मालगाड्या गार्डशिवाय धावू लागल्यात. मला हे सगळं वाचून माहीत. पप्पांनी घरी कधी काही सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

त्यांनी चष्मा लावला. डबा उलटा केला, सुलटा केला. बराच वेळ काही बोलले नाहीत.

‘पप्पा, चुकलं का काही?’

‘एलव्ही कुठंय?’

मी ब्लँक. मग त्यांनी समजावलं. शेवटच्या डब्याच्या मागे ‘एलव्ही’ लिहिलेली पाटी लावतात. लास्ट व्हेइकल. रात्री तिच्या जागी लाल दिवा. गाडी स्टेशनातून गेली की तिथला माणूस ही पाटी बघतो. ती दिसली नाही, तर कपलर तुटून काही डबे मागे राहिले असतील, असं धरायचं. मागून दुसरी गाडी सोडायची नाही. ‘गाडी कितीही लांब असू दे,’ ते म्हणाले, ‘पाटी दिसल्याशिवाय ती पूर्ण आली असं कोणी मानत नाही.’

त्या रात्री जेवणं झाल्यावर ते दीड तास बोलत होते. पावसातले घाट, सेक्शनमध्ये तासन्‌तास उभी गाडी, अंधारात एकट्याने काढलेल्या रात्री. इतकी वर्षं एका घरात राहून मी हे पहिल्यांदाच ऐकत होतो.

सकाळी उठलो तर टेबलावर पत्रिकेचा पिवळा तुकडा कापलेला, नखाएवढाही नाही. त्यावर काळ्या पेनाने थरथरत्या अक्षरात ‘एलव्ही’. पप्पांनी तो स्वतःच चिकटवला होता. किंचित तिरका. तो मी सरळ करणार नाहीये.