फेरोनियाची देवराई

रोमच्या उत्तरेला साधारण ३० किलोमीटरवर, टायबरच्या खोऱ्यात कापेना हे डोंगरावरचे गाव आहे. प्राचीन कापेना जवळच्याच एका टेकडीवर होते. इ.स.पू. ३९५मध्ये ते रोमला शरण गेले. या नगराची विख्यात देवी फेरोनिया मात्र टेकडीवर नांदत नव्हती. तिचे ठाणे खाली सपाटीवरच्या राईत होते. अशा राईला लॅटिनमध्ये ‘लुकुस’ म्हणत. ‘देवराई’हून नेमका मराठी शब्द मला त्यासाठी सापडत नाही.

फेरोनिया ही रानाची, झऱ्यांची, पिकापाण्याची देवी. कापेनाचे लोक पहिले पीक तिला वाहत. तिच्या जत्रेला लॅटिन आणि सॅबाइन लोक येत. नवस फेडत आणि बाजारही करत. अर्पणांतून साठलेले सोने-चांदी इ.स.पू. २११मध्ये हॅनिबलच्या सैन्याने लुटले. देवीच्या धाकाने सैनिकांनी तिथे तांब्या-पितळेचे तुकडे टाकले आणि त्यांचे ढीग मागाहून सापडले, असे इतिहासकार लिव्ही सांगतो.

पण हीच रानदेवी दास्यमुक्तांचीही देवी होती. रोमच्या दक्षिणेला तेराचिनाजवळ तिचे दुसरे मोठे ठाणे होते. तिथल्या देवळात एक दगडी आसन होते. त्यावर दास म्हणून बसायचे आणि स्वतंत्र होऊन उठायचे, अशा अर्थाचा लेख त्यावर कोरलेला होता, असे व्हर्जिलचा भाष्यकार सर्व्हियस नोंदवतो. मुंडण केलेल्या डोक्यावर मुक्ततेची टोपी तिथेच चढे.

रानाचा आणि मुक्तीचा हा सांधा कसा जुळला? काही अभ्यासक तिचे नाव ‘रानटी’ या अर्थाच्या ‘फेरुस’ शब्दाशी जोडतात. मला त्यातच उत्तर दिसते. नांगरलेल्या शेताला धनी असतो, बांधलेल्या घराला धनी असतो. देवराईला माणूस धनी नसतो. तिथली काडीही कुणाच्या मालकीची नसते. ज्याच्या देहावरच दुसऱ्याची मालकी होती, त्याने मोकळे होण्यासाठी अशीच देवी निवडावी, हे मला स्वाभाविक वाटते.

इ.स.पू. २१७मध्ये हॅनिबलच्या संकटकाळी रोममधील कुलीन स्त्रियांनी जूनोसाठी वर्गणी काढली. दास्यातून सुटलेल्या स्त्रियांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वेगळी वर्गणी काढावी, असे ठरले. ती फेरोनियासाठी होती.