ग्रंथ आणि श्रद्धा : लेखांक ९
सीनाय पर्वत सौदी अरेबियात?

सौदी अरेबियाच्या वायव्येला, तबूक प्रांतात, जबल अल-लौझ हा सुमारे २,५८० मीटर उंचीचा डोंगर आहे. मोशेला दहा आज्ञा मिळाल्या तो सीनाय पर्वत इथेच होता, इजिप्तमध्ये नव्हे, असं सांगणारी पुस्तकं गेली तीसेक वर्षं इंग्रजी वाचणाऱ्या ख्रिस्ती घरांत पोचत आहेत. लॅरी विल्यम्स यांचं ‘द माउंटन ऑफ मोझेस’ १९९०चं, हॉवर्ड ब्लम यांचं ‘द गोल्ड ऑफ एक्झोडस’ १९९८चं. बॉब कॉर्नुक यांनीही त्यावर लिहिलं. सौदीने २०१९मध्ये पर्यटकांना व्हिसा द्यायला सुरुवात केली आणि या विषयाला नवी धार आली. आखातात नोकरीला असलेल्या कुणीतरी पाठवलेला त्या डोंगराचा व्हिडिओ मंडळीच्या ग्रुपवर येतो आणि वाचकांचा प्रश्नही येतो : हे खरं मानायचं का?

या पुस्तकांच्या बाजूने जे भक्कम आहे ते आधी मान्य करू. जळतं झुडूप मोशेला दिसलं ते मिद्यानी सासऱ्याची, इथ्रोची, मेंढरं चारताना, आणि मिद्यान म्हणजे आजच्या सौदीचा वायव्य भाग, याबद्दल फारसा वाद नाही. तिथल्या अल-बद गावाजवळच्या कोरीव थडग्यांना स्थानिक लोक शुऐबचं नाव देतात, आणि मुस्लिम परंपरेत शुऐब म्हणजेच इथ्रो असं अनेक जण मानतात. हार्वर्डचे फ्रँक मूर क्रॉस यांच्यासारख्या मोठ्या विद्वानाचा कलही मिद्यानकडेच होता. उलट, सेंट कॅथरीनचा मठ ज्या डोंगराच्या पायथ्याशी आहे त्या इजिप्तमधल्या जागेची परंपरा चौथ्या शतकाच्या मागे नीट नेता येत नाही. म्हणजे प्रश्न विचारण्याजोगाच आहे.

गाडी घसरते ती पुराव्यापाशी. गलतीकरांस पत्रात (४:२५) पौल सीनाय अरबस्तानात असल्याचं सांगतो, हा या लेखकांचा हुकमी एक्का. पण पौलाच्या काळी अरबस्तान म्हणजे आजचा सौदी नव्हे. नबाती राज्याच्या त्या प्रदेशात सीनायचं द्वीपकल्पही येत असे. त्या वचनाने पर्वत अकाबाच्या आखाताच्या पूर्वेला सरकत नाही. शिवाय निर्गमचा अठरावा अध्याय उघडा. इथ्रो देवाच्या पर्वतापाशी मोशेला भेटायला येतो आणि शेवटी निरोप घेऊन आपल्या देशी परततो. पर्वत मिद्यानातच असता, तर तो परतला कुठे? याला उत्तर असू शकतं, मिद्यानी लोक भटके होते असं म्हणता येतं. पण प्रश्न टाळून पुढे जाणारं पुस्तक मी बाजूला ठेवतो.

डोंगराचा काळा माथा देवाच्या अग्नीने जळला असं सांगतात. प्रत्यक्षात तो काळा माथा शेजारच्या जबल मक्ला या शिखराचा आहे, आणि तिथला खडक मुळातच गडद रंगाचा, ज्वालामुखीतून आलेला आहे. खडकावर कोरलेले बैल म्हणजे सोन्याच्या वासराची वेदी, असाही दावा आहे. पण अरबस्तानात बैलांची चित्रं ठिकठिकाणी सापडतात. हाइल भागातली शिलाचित्रं २०१५मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली आणि त्यांतली कित्येक मोशेहून हजारो वर्षं जुनी आहेत. सौदी सरकारने या जागेला कुंपण घातलं म्हणजे काहीतरी लपवलं, हा तर्कही टिकत नाही. पुराणवस्तू खातं अनेक जागांना कुंपण घालतं. आणि याच डोंगराचा दावा करणारे रॉन वायट यांना समुद्रतळाशी दिसलेली, फारोच्या सैन्याची म्हणून सांगितलेली रथाची चाकं? तज्ज्ञांना तपासता येईल असं एकही चाक आजवर पुढे आलेलं नाही.

वायट भूल देणारे परिचारक होते, कॉर्नुक माजी पोलीस. त्यावरून त्यांना झटकून टाकणं मला पटत नाही. कॉलिन हम्फ्रीजही पुरातत्त्वज्ञ नव्हेत, तेव्हा ते केंब्रिजला मटेरियल्स सायन्सचे प्राध्यापक होते. त्यांनी २००३च्या ‘द मिरॅकल्स ऑफ एक्झोडस’मध्ये सीनायसाठी सौदीतलाच हला अल-बद्र हा ज्वालामुखी सुचवला. मला तो पटत नाही, पण कुठे पटत नाही ते बोट ठेवून दाखवता येतं, कारण त्यांची सगळी मांडणी पानावर उघडी आहे. वाचकाने लेखकाकडून एवढं तरी मागावं.

शंका घेणारे सगळे अविश्वासू, असंही काही जण सुचवतात. हे अन्यायाचं आहे. जबल अल-लौझच्या दाव्यांची कठोर चिकित्सा करणारे जेम्स हॉफमायर स्वतः इव्हँजेलिकल ख्रिस्ती आहेत, निर्गमाची घटना खरी मानणारे. त्यांचं ‘एन्शंट इस्रायल इन सीनाय’ (२००५) या पुस्तकांशेजारी ठेवून वाचावं.

माझा मोठा आक्षेप ईश्वरविद्येचा आहे. निर्गमाच्या कथेचं केंद्र करार आहे : गुलामगिरीतून सोडवलेले लोक आणि त्यांना आपलं म्हणणारा देव. पवित्र शास्त्र त्या पर्वताचा पत्ता जपत नाही. पुढे एलिया होरेबला, म्हणजे सीनायलाच, जातो, तोही यात्रेला नव्हे, जीव वाचवून पळताना. काळ्या दगडावर विश्वास टेकवायला शिकवणारं पुस्तक उद्या भूगर्भशास्त्रज्ञाने तोंड उघडताच वाचकाला उघड्यावर टाकतं. घरात तरुण मुलं ही पुस्तकं वाचत असतील, तर ती काढून घेऊ नका. निर्गम १८ त्यांच्यासोबत बसून वाचा आणि इथ्रोबद्दलचा प्रश्न त्यांनाच विचारा.

पुढच्या लेखांकात हम्फ्रीज यांचा ज्वालामुखी : मेघस्तंभ आणि अग्निस्तंभ यांचा त्यांनी लावलेला अर्थ कुठवर टिकतो ते पाहू.