विज्ञान शिकवणे आणि विज्ञान कळणे

फळ्यावर लिहिले की ते मुलाच्या डोक्यात उतरले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वास्तविक मूल वर्गात येते तेव्हा त्याच्या मनाची पाटी कोरी नसते. मूल आपल्या अनुभवावरून जगाविषयीच्या कल्पना स्वतःच रचीत असते, हे स्विस मानसशास्त्रज्ञ जीन पियाजे (१८९६–१९८०) यांनी मुलांशी बोलून व त्यांचे वागणे न्याहाळून दाखवून दिले.

एक साधा प्रश्न घेऊ. उन्हाळा का होतो? पुष्कळ मुले, आणि मोठी माणसेही, सांगतात की पृथ्वी सूर्याजवळ येते म्हणून. चुलीजवळ बसले की ऊब लागते. तर्क अनुभवातलाच आहे. परंतु पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या आरंभी, सुमारे १४ कोटी ७० लक्ष किलोमीटरवर. जुलैच्या आरंभी ते अंतर सुमारे १५ कोटी २० लक्ष होते. आणि जानेवारीत तर आपल्या माळव्यात थंडी असते! खरे कारण आहे पृथ्वीच्या आसाचा सुमारे साडेतेवीस अंशांचा कल.

शिक्षकाने एवढे उत्तर नुसते लिहून दिले, तर विद्यार्थी ते परीक्षेपुरते पाठ करतो; मनातली चूल मात्र तशीच पेटती राहते. म्हणून आधी मुलांचे म्हणणे ऐकावे. मग जानेवारीचे अंतर सांगून त्यांना कोड्यात टाकावे. त्यानंतर बॅटरीचा झोत कागदावर सरळ व तिरपा पाडावयास लावावा. तिरपा झोत अधिक जागेवर पसरतो व फिका पडतो, हे मुले स्वतः पाहतात. मग आसाचा कल सांगितला, तर तो पटतो.

आपल्याच मध्य प्रदेशात याचा मोठा प्रयोग झाला. १९७२ साली होशंगाबाद (आताचा नर्मदापुरम) जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत किशोर भारती व रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी नवे विज्ञानशिक्षण सुरू केले. १९७८ मध्ये ते जिल्हाभर पसरले व १९८२ पासून एकलव्य संस्थेने सांभाळले. मुले टोळ्या करून प्रयोग करीत व चर्चेतून निष्कर्ष काढीत. परीक्षेत पुस्तक उघडण्यास मुभा असे आणि प्रात्यक्षिकही असे. शिक्षकही प्रशिक्षणात तेच प्रयोग आधी स्वतः करीत. २००२ साली राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. त्यातली शिकवण मात्र बंद होण्याजोगी नाही.

न्यास गुणवंतांना पारितोषिके देतो, हे योग्यच. परंतु घरोघरी "किती गुण मिळाले?" याच्या जोडीला "आज काय विचारलेस?" हेही विचारले जावे. वर्गातला प्रश्न घरी जिवंत राहिला, तरच शिक्षकाच्या श्रमाचे चीज होईल.