दोन बँड, दोघांची नावं बदलली, दोघेही १९९७ मध्ये अडले. मग मुंबईचा बँड मागे का पडला?

हट्टा (जि. हिंगोली) : वसमत तालुक्यातल्या हट्ट्यासारख्या गावात 'बँड' म्हटलं की आधी वरात आठवते. ट्रम्पेट, ढोल, बँजो, गाडीवरचे भोंगे आणि सिनेमातली गाणी. गाणं दुसऱ्याचं, वाजवणारे आपले. सुपारी ठरते, कार्यक्रम होतो, पैसे मिळतात.

पण बँडचा दुसराही एक अर्थ आहे. चार-पाच जण एकत्र येतात, गाणी स्वतः लिहितात, चाल स्वतः लावतात आणि स्वतःच वाजवतात. 'मरून फाइव्ह' हा अमेरिकेचा पॉप-रॉक बँड असाच. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर त्यांचा कार्यक्रम झाला. त्याच मुंबईत ४० वर्षांपूर्वी असाच एक बँड उभा राहिला होता. त्याचं नाव 'रॉक मशीन', पुढे 'इंडस क्रीड'.

या दोन्ही बँडच्या प्रवासात एक वर्ष सारखं आहे, १९९७. त्या वर्षी दोघेही अडले. पुढे एक जगभर पोहोचला, दुसरा १३ वर्षं गप्प राहिला. असं का झालं, समजून घेऊया.

'रॉक मशीन' काय होतं?

बँड सुरू झाला १९८४ मध्ये. गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बासवर मार्क सेल्विन, ड्रमवर मार्क मेनेझिस, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया आणि गायक उदय बेनेगल, ही त्यांची सर्वाधिक ओळखीची फळी. गाणी इंग्रजी, बाज रॉकचा.

तेव्हा टीव्ही म्हणजे दूरदर्शन आणि रेडिओ म्हणजे आकाशवाणी. परदेशी वाद्यं आणि अँप्लिफायर आयात शुल्कामुळे महाग. कार्यक्रम व्हायचे ते कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये किंवा धोबी तलावच्या रंगभवनासारख्या खुल्या रंगमंचावर. तिथेही लोकांना हवी असायची ती परदेशी बँडची गाजलेली गाणी. म्हणजे एका अर्थाने वरातीचाच हिशेब : गाणं दुसऱ्याचं, वाजवणारे आपले.

'रॉक मशीन'ने ही चौकट मोडली. १९८८ मध्ये 'रॉक एन रोल रेनेगेड' हा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम आला, १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग'. भारतातला रॉक बँड स्वतःच्या गाण्यांवर उभा राहू शकतो, हे त्यांनी दाखवून दिलं.

नाव का बदललं?

१९९१ मध्ये स्टार टीव्ही आला आणि त्याच्यासोबत एमटीव्ही. ज्यांच्याकडे केबल होती, त्यांना गाणी ऐकण्याबरोबर पाहताही येऊ लागली. बँडसाठी हे नवं दार होतं.

१९९३ मध्ये बँडने 'इंडस क्रीड' हे नाव घेतलं. इंडस म्हणजे सिंधू, क्रीड म्हणजे श्रद्धा किंवा विचार. 'आम्ही इथले आहोत' हे आता नावातच आलं. पुढे गाण्यांमध्ये भारतीय वाद्यांचे रंगही मिसळले. त्याच वर्षी 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या व्हिडिओला एमटीव्हीच्या पुरस्कारांत आशियातल्या प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. १९९५ मध्ये 'इंडस क्रीड' याच नावाचा अल्बम आला.

मग अडलं कुठे?

गाणी होती, पुरस्कार होता, नाव होतं. पण बँडची गाडी ज्या रस्त्यावरून धावत होती, तो रस्ताच वळला.

१९९४ मध्ये एमटीव्ही आणि स्टार वेगळे झाले आणि त्या जागी चॅनल व्ही आलं. १९९६ मध्ये एमटीव्ही भारतासाठी स्वतंत्र वाहिनी घेऊन परतलं. या स्पर्धेत प्रेक्षक वाढवायचे तर हिंदी हवं, हे वाहिन्यांना कळलं. बाबा सेहगलचं 'ठंडा ठंडा पानी' आधीच गाजलं होतं. १९९५ मध्ये अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' आलं, १९९६ मध्ये लकी अलीचं 'सुनो'. हा 'इंडिपॉप'चा काळ.

कंपनी पैसा लावते ते जिथे कॅसेट खपते तिथे. इंग्रजी रॉकचा श्रोता मोठ्या शहरांपुरता आणि कॉलेजांपुरता होता. हिंदी पॉपचा श्रोता देशभर होता. १९९७ मध्ये 'इंडस क्रीड' थांबलं. तेव्हा हिंगोली जिल्हाही झाला नव्हता. हट्टा परभणी जिल्ह्यात होतं. नवा जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला.

अमेरिकेत १९९७ मध्ये काय झालं?

लॉस एंजलिसमधल्या शाळकरी मित्रांनी १९९४ मध्ये 'कॅराज फ्लॉवर्स' नावाचा बँड काढला. ॲडम लेविन त्याचा गायक. १९९७ मध्ये मोठ्या कंपनीकडून त्यांचा 'द फोर्थ वर्ल्ड' अल्बम आला, पण खपला नाही. कंपनीशी नातं तुटलं, मुलं कॉलेजला गेली. गोष्ट इथेच संपली असती.

पण त्यांनी सोल आणि आर अँड बी ऐकलं, आपला बाज बदलला. २००१ मध्ये जेम्स व्हॅलेंटाइन हा गिटारवादक आला आणि नाव झालं 'मरून फाइव्ह'. यावेळी 'ऑक्टोन' ही छोटी कंपनी मिळाली. जून २००२ मध्ये 'साँग्ज अबाउट जेन' आला. तोही लगेच गाजला नाही. बँड शहरामागून शहर करत राहिला आणि २००४ मध्ये 'धिस लव्ह' अमेरिकेच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. २००५ मध्ये त्यांना ग्रॅमी मिळाला तो 'सर्वोत्कृष्ट नवोदित कलाकार' म्हणून. सुरुवातीला तेव्हा ११ वर्षं झाली होती.

फरक कशात होता?

नाव दोघांनी बदललं, बाजही दोघांनी बदलला. त्यामुळे 'यांच्यात जिद्द होती, त्यांच्यात नव्हती' असं म्हणता येत नाही. फरक आजूबाजूच्या व्यवस्थेत दिसतो.

• अमेरिकेत मोठ्या कंपनीने सोडलं तर छोट्या कंपन्या होत्या. इथे इंग्रजी रॉकवर पैसा लावणाऱ्या कंपन्या मोजक्या.
• तिथे गावोगावी क्लब आणि कार्यक्रमांची साखळी होती. इथे फेस्टिव्हलचा हंगाम संपला की कार्यक्रम कमी.
• तिथे शेकडो रेडिओ केंद्रं होती. इथे खासगी एफएम केंद्रं सुरू झाली २००१ मध्ये. तोवर बँड थांबून चार वर्षं झाली होती.

जागेचंही तसंच. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र, हा नियम कडक झाला आणि रंगभवनात रॉकचे कार्यक्रम बंद झाले. नियम रुग्णांसाठी योग्यच, पण मुंबईच्या रॉकचा हक्काचा रंगमंच गेला.

'इंडस क्रीड' परत आलं का?

हो. बेनेगल आणि जयेश गांधी यांनी न्यूयॉर्कमध्ये 'आम्स फॉर शांती' हा बँड केला. २०१० मध्ये 'इंडस क्रीड' पुन्हा उभं राहिलं. बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया यांच्यासोबत रुशाद मिस्त्री (बास) आणि जय राव कवी (ड्रम) आले. २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' अल्बम आला. त्याचं मिक्सिंग टिम पामर यांनी केलं. 'पर्ल जॅम'च्या 'टेन' या गाजलेल्या अल्बमचं मिक्सिंगही त्यांचंच. आधीच्या अल्बमनंतर मधे १७ वर्षं गेली होती.

आज गाणं करणाऱ्यांसाठी यात काय आहे?

आता हट्ट्यात बसून फोनवर गाणं टाकता येतं. वाहिनीची वाट पाहावी लागत नाही. पण गाणं कुणाला दाखवायचं हे आजही ॲप ठरवतं आणि ते कधीही बदलू शकतं. म्हणून जे आपल्या हातात आहे ते पक्कं करा.

• गाणं लिहिलं की हक्क आपोआप तयार होतो. नोंदणी सक्तीची नाही. पण शब्द कुणाचे, चाल कुणाची, पैशाची वाटणी कशी, हे कागदावर लिहून सह्या घ्या.
• २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा सुरक्षित केला आहे. 'आयपीआरएस' या संस्थेचं सभासदत्व घेतलं तर ती रॉयल्टी गोळा करून देते.
• हा हक्क हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं चालतो. म्हणून गाणं एकरकमी देताना कागद नीट वाचा.

बँजो पार्टीसाठी एक गोष्ट महत्त्वाची. लग्नाच्या वरातीत सिनेमाचं गाणं वाजवायला कायद्याने परवाना लागत नाही. पण त्याचाच व्हिडिओ यूट्यूबवर टाकला तर गाण्याचा मालक त्यावर दावा करू शकतो आणि जाहिरातीचे पैसे त्याच्याकडे जाऊ शकतात. त्याच पार्टीने स्वतः बांधलेली चाल टाकली, तर तिच्यावरचा हक्क पार्टीचा राहतो.