भुईमुगाला कोळशाची जोड : आधी एक गुंठा, मग एकर



अलीकडे गावोगावच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. ‘साहेब, जमिनीत कोळसा घातला की भुईमूग दुप्पट येतो म्हणतात. खरे का हो?’ काही ठिकाणी काळ्या भुकटीच्या पिशव्याही विकायला येऊ लागल्या आहेत. ‘बायोचार’ असे तिचे नाव. विकणारा सांगतो की, एकदा ही भुकटी घातली की खत नको, पाणी कमी लागते आणि जमीन कायमची सुधारते.

यात थोडे खरे आहे आणि बरेचसे अर्धवट आहे. शेणखत चुकून जास्त पडले तर दोन-तीन वर्षांत कुजून जाते. कोळशाचे तसे नाही. तो कुजत नाही. वर्षानुवर्षे जमिनीतच राहतो आणि एकदा घातला की परत काढता येत नाही. म्हणून भुईमुगाच्या रानात तो घालण्यापूर्वी त्याचा गुण आणि अवगुण दोन्ही समजून घेतले पाहिजेत.

राख वेगळी, कोळसा वेगळा

काडीकचरा उघड्यावर पेटवला की त्याची राख होते. तोच काडीकचरा हवा तोडून जाळला तर राख न होता काळा, हलका, ठिसूळ कोळसा तयार होतो. असा कोळसा जमिनीत घालण्यासाठी केला की त्याला बायोचार म्हणतात. दगडी कोळशाशी किंवा विटभट्टीच्या राखेशी त्याचा काही संबंध नाही. त्या वस्तू शेतात घालू नयेत.

कोकणातल्या शेतकऱ्याला भाजलेली जमीन नवी नाही. भाताच्या रोपासाठी राब भाजण्याची तेथे जुनी चाल आहे. पण राबात मुख्यतः राख मिळते आणि राखेतील पोषक द्रव्ये पहिल्या मोठ्या पावसात बरीचशी वाहून जातात. कोळसा टिकतो. त्याच्या अंगी असंख्य बारीक छिद्रे असतात. त्यांत पाणी आणि विद्राव्य खत धरून राहते.

दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात याचा फार जुना दाखला आहे. तेथील मूळ जमीन निकस आणि आम्ल. पण शेकडो वर्षांपूर्वी जेथे माणसांची वस्ती होती, तेथे काळ्याभोर, सुपीक मातीचे पट्टे आजही सापडतात. त्यांना ‘तेरा प्रेता’, म्हणजे काळी माती, असे नाव आहे. त्या मातीत कोळसा तर आहेच, पण त्याबरोबर हाडे, खापऱ्या आणि स्वयंपाकघरातला कचराही आहे. म्हणजे नुसत्या कोळशाने ती माती झाली नाही. कोळसा आणि उकिरडा एकत्र आले, तेव्हा ती झाली. हे ध्यानात ठेवावे.

भुईमुगाला त्याचा उपयोग कसा?

भुईमुगाचे फूल जमिनीवर आणि शेंग जमिनीखाली. फूल झडल्यावर आरी निघते, ती मातीत शिरते आणि तिच्या टोकाला शेंग धरते. म्हणून वरची तीन-चार बोटे माती भुसभुशीत आणि ओलसर असावी लागते. शेंग पोसण्यासाठी लागणारे कॅल्शियमही शेंग स्वतःच भोवतालच्या मातीतून घेते. ते कमी पडले की शेंगा पोचट राहतात.

हलक्या, रेताड किंवा लाल जमिनीत पाणी आणि खत फार काळ थांबत नाही. आऱ्या सुटण्याच्या वेळी पावसाने आठ-दहा दिवस ओढ दिली की पीक तेथेच मार खाते. अशा जमिनीत कोळसा ओल आणि अन्न धरून ठेवायला मदत करतो. आम्ल जमिनीत तो आम्लता कमी करतो, कारण बहुतेक कोळसा स्वतः अल्कधर्मी असतो. मुळांवरच्या गाठींनाही त्याचा फायदा होतो. कोलंबियातील आम्ल जमिनीत घेवड्यावर केलेला एक प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात पिकाच्या एकूण नत्रापैकी हवेतून घेतलेल्या नत्राचा वाटा कोळशामुळे ५० टक्क्यांवरून ७२ टक्क्यांपर्यंत गेला.

खुद्द भुईमुगावरही प्रयोग झाले आहेत. इंडोनेशियात सुमात्रा बेटावरील निकस जमिनीत बाभळीच्या जातीतील एका झाडाच्या सालीचा कोळसा रासायनिक खताबरोबर दिला, तेव्हा मका आणि भुईमूग या दोन्ही पिकांचे उत्पादन वाढले. हे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर क्वीन्सलँडमधील लाल जमिनीत हेक्टरी १० टन कोळसा खताबरोबर घालून भुईमूग घेतला. तेथेही नुसत्या खतापेक्षा उत्पादन जास्त आले.

आता दुसरी बाजू पाहू. जगभरच्या प्रयोगांचा एकत्र हिशेब २०१७ साली मांडला गेला. उष्ण प्रदेशात सरासरी २५ टक्के वाढ दिसली, तर समशीतोष्ण देशांत सरासरीने काहीच वाढ दिसली नाही. उष्ण प्रदेशातील वाढही मुख्यतः आम्ल आणि निकस जमिनीतली होती. याचा अर्थ सरळ आहे. कोळसा भुकेल्या जमिनीला उपयोगी पडतो. जी जमीन आधीच सुपीक आहे, तिला त्याचा फारसा लाभ नाही.

कोणत्या जमिनीत घालावा, कोणत्या नाही?

कोकणातील जांभ्याची जमीन, कोल्हापूर जिल्ह्यात घाटमाथ्याकडील आजरा-चंदगड भागातील तांबडी जमीन आणि हलकी, रेताड रानेही प्रयोगाला योग्य. माती परीक्षणात सामू साडेसहाच्या खाली असेल तर फायदा होण्याचा संभव जास्त.

चुनखडीच्या काळ्या जमिनीत मात्र सावध राहावे. तेथे सामू आठच्या आसपास असतो. भुईमुगाची शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि पुढे पाने पांढुरकी होतात. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण. लोह जमिनीत असते, पण सामू जास्त असल्याने पिकाला मिळत नाही. अशा रानात अल्कधर्मी कोळसा आणि राख घालणे म्हणजे दुखण्यात भर टाकणे होय. तेथे शेणखत द्यावे आणि गरजेप्रमाणे हिराकसाची फवारणी करावी. कोळशाच्या वाटेला जाऊ नये. चोपण जमिनीलाही हेच लागू.

चुलीचे सरपण पळवू नका

एका बैठकीत एक मावशी उठून म्हणाल्या, ‘साहेब, तुराट्या आणि पऱ्हाट्या तुम्ही खड्ड्यात घालणार. मग आम्ही चूल कशावर पेटवायची?’ प्रश्न अगदी रास्त होता. घरात गॅस आला तरी पाण्याचा बंब आणि भाकरीची चूल अजून पुष्कळ घरी सरपणावरच चालते. म्हणून कोळशासाठी जे खरोखर वाया जाते तेच घ्यावे. झाडे तोडू नयेत. भुईमुगाचा पाला गुरांचे उत्तम वैरण आहे. तोही जाळू नये.

कपाशीच्या जाड पऱ्हाट्या सरपणाला ठेवाव्यात. शेंड्याकडच्या बारीक फांद्या आणि न उमललेली किडकी बोंडे यांचा कोळसा करावा. अशा बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पऱ्हाटीचे ढीग बांधावर पडून राहिले की पुढच्या हंगामाला तीच उठते. कोळसा केल्याने हा धोकाही टळतो. याशिवाय भुईमुगाची टरफले आहेतच. एक क्विंटल शेंगा फोडल्या की पंचवीस ते तीस किलो टरफले निघतात.

कोळसा करण्याची साधी रीत

हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने कपाशी, तूर, मका यांच्या धाटांपासून कोळसा करण्यासाठी पिंपाची साधी भट्टी तयार केली आहे. पिंप नसेल तर खड्ड्यातही काम भागते.

वर चार फूट रुंद, अडीच फूट खोल आणि खाली निमुळता होत गेलेला खड्डा घ्यावा. जागा कडब्याच्या गंजीपासून, गोठ्यापासून आणि घरापासून लांब असावी. वारा पडलेला असावा. मुलांना जवळ येऊ देऊ नये. आधी तळाशी चांगला जाळ करावा. काड्यांवर पांढरी राख धरू लागली की त्यावर वाळलेल्या काड्यांचा पातळ थर टाकावा. तो पेटून राख धरू लागला की पुढचा थर टाकावा. वरचा जाळ हवा खातो, त्यामुळे खालच्या थराला हवा मिळत नाही आणि त्याचा कोळसा होतो. ओल्या काड्या घालू नयेत, धूर फार होतो. प्लॅस्टिक, रंग दिलेले लाकूड किंवा रबर चुकूनही घालू नये.

खड्डा भरला की दोन-तीन पिंपे पाणी ओतून विस्तव पुरता विझवावा. पाणी कमी असेल तर वरून मातीचा जाड थर देऊन हवा बंद करावी. दुसऱ्या दिवशी मध्ये हात घालण्यापूर्वी ढीग उकरून धग नाही याची खात्री करावी. असा ढीग आतून पुन्हा पेटू शकतो.

चांगला कोळसा बोटांनी सहज चुरडतो आणि हाताला लागलेला काळेपणा नुसत्या पाण्याने धुतला जातो. हात तेलकट, चिकट झाले तर कोळसा कच्चा राहिला असे समजावे. कोळसा ओला असतानाच ठेचावा. कोरडी भुकटी नाकातोंडात जाऊ देऊ नये.

एक टन वाळलेल्या काड्यांपासून साधारण दोन ते अडीच क्विंटल कोळसा मिळतो. हे प्रमाण पाहिले की एकरी चार टनांच्या गोष्टी किती अवघड आहेत हे कळेल.

कोरा कोळसा पेरू नका

कोळसा म्हणजे रिकामी कणगी. ती तशीच रानात ठेवली तर आधी स्वतःचे पोट भरते. मातीतले नत्र ओढून धरते आणि पिकाची सुरुवातीची वाढ खुंटते. म्हणून कणगी आधी घरीच भरावी.

एक पाटी कोळशाला दोन पाट्या कुजलेले शेणखत घेऊन सावलीत ढीग लावावा. शेणकाला आणि थोडे गोमूत्र शिंपडून ओल ठेवावी. वर गोणपाट टाकावे. तीन-चार आठवडे ढीग तसाच मुरू द्यावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोळसा केला तर जूनपर्यंत तो शेणखताच्या खड्ड्यातच मुरत ठेवता येतो. नेपाळमध्ये भोपळ्यावर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. हेक्टरी अवघा ७५० किलो कोळसा, पण तो गोमूत्रात मुरवलेला होता. कोऱ्या कोळशापेक्षा त्याने ८५ टक्के जास्त उत्पादन दिले. भोपळ्याचे आकडे भुईमुगाला लावू नयेत. पण मुरवण्याचे महत्त्व त्यावरून समजते.

एका गुंठ्याची परीक्षा

हेक्टरी १० टन म्हणजे एकरी ४ टन आणि गुंठ्याला एक क्विंटल. एवढा कोळसा खड्डा तीन वेळा लावला की घरीच होतो. शेतात सारख्या मातीचे शेजारी-शेजारी दोन गुंठे आखावेत. एकात मुरवलेला कोळसा घालावा. दुसऱ्यात तेवढेच शेणखत, पण कोळशाविना घालावे. तसे केले नाही तर शेणखताचा गुण आपण कोळशाच्या नावावर मांडू.

शेवटच्या कुळवाच्या पाळीबरोबर कोळसा वरच्या चार इंच मातीत मिसळावा. हे काम पेरणीपूर्वीच उरकावे, कारण आऱ्या सुटल्यावर रान हलवता येत नाही. पुढे बियाण्याला रायझोबियम चोळणे, खताची मात्रा, कोळपणी, सारे दोन्ही गुंठ्यांत सारखेच करावे. जिप्समही दोन्हीकडे द्यावे, पेरणीच्या वेळी गुंठ्याला दोन किलो आणि आऱ्या सुटताना दोन किलो. कोळशाने जिप्समची गरज भागत नाही. जो भागते म्हणेल, त्याची पिशवी घेऊ नये.

चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी दोन्हीकडची पाच-पाच झाडे मातीसकट खणून, पाण्यात बुडवून मुळे धुवावीत आणि गाठी मोजाव्यात. गाठ नखाने फोडल्यावर आत गुलाबी-लाल दिसली तर ती काम करते आहे. काढणीला दहा-दहा झाडांच्या भरलेल्या आणि पोचट शेंगा वेगळ्या मोजाव्यात. मग दोन्ही गुंठ्यांच्या शेंगा उन्हात सारख्या वाळवून तोलाव्यात. घरातील शाळकरी मुला-मुलींकडून हे आकडे वहीत लिहून घ्यावेत.

कोळसा जमिनीत टिकतो, म्हणून पुढच्या दोन हंगामांतही त्याच गुंठ्यांवर नजर ठेवावी. तीन वेळा तराजूने होकार दिला आणि कोळशाला लागलेली मजुरी वाढीव शेंगांतून निघाली, तर दरवर्षी दोन-चार गुंठे वाढवत जावे. फरक दिसला नाही तर नुकसान एका गुंठ्यापुरते राहील आणि एकराचा पैसा वाचेल. यंदा पऱ्हाटी उपटण्यापूर्वी मातीचा नमुना परीक्षणाला द्या आणि सामूचा आकडा हाती आल्यावरच खड्डा खणायला घ्या.