शाब्दिक उदाहरणातील ‘उरलेल्यांपैकी’ : अपूर्णांक अध्यापनातील एक विचारणीय बाब

प्रस्तावना :
अपूर्णांकांची आकडेमोड अचूक करणारा विद्यार्थीही शाब्दिक उदाहरणात चुकतो. या चुकीचे मूळ पुष्कळदा गणितात नसून भाषेच्या आकलनात असते. प्रस्तुत लेखात ग्रंथालयातील मुदतबाह्य पुस्तकांच्या एका उदाहरणाद्वारे ही बाब स्पष्ट केली आहे.

उदाहरण :
ग्रंथालयाने दिलेल्या पुस्तकांपैकी १/२ पुस्तके मुदतीत परत आली. उरलेल्यांपैकी १/३ पुस्तके विलंबशुल्कासह जमा झाली. ३६ पुस्तके अद्याप परत आलेली नाहीत. तर एकूण किती पुस्तके दिली होती?

उकल :
मुदतीनंतर १/२ भाग उरला. त्याचा १/३ जमा झाला, म्हणजे त्याचा २/३ शिल्लक राहिला. १/२ × २/३ = १/३. एकूण पुस्तकांचा १/३ भाग म्हणजे ३६. म्हणून एकूण पुस्तके १०८.

चूक आणि ताळा :
‘उरलेल्यांपैकी’ या शब्दाकडे दुर्लक्ष झाल्यास विद्यार्थी १/२ + १/३ = ५/६ अशी बेरीज करतो; १/६ भाग म्हणजे ३६ मानतो आणि २१६ हे उत्तर काढतो. उत्तर पूर्णांकात आल्याने शंकाही येत नाही. वस्तुतः येथे एक तृतीयांश पुस्तके थकीत असताना ती केवळ एक षष्ठांश भासतात. स्वतःच्याच समीकरणात २१६ ठेवून ताळा घेतल्यास तो जुळतो; मूळ विधानांत ठेवल्यास मात्र १०८ उरतात, त्यांतील ३६ जमा होतात आणि ७२ थकीत राहतात. चूक तेथे उघड होते.

हेच अपूर्णांक २/५ व ३/४ असते, तर बेरीज २३/२० म्हणजे एकाहून अधिक झाली असती व चूक आपोआप लक्षात आली असती. म्हणून उदाहरणासाठी अपूर्णांकांची निवडही शिक्षकाने विचारपूर्वक करावी.

परंपरेचा आधार :
भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) तीर्थयात्रेकरूच्या खर्चाचे असेच शेषावर आधारित उदाहरण आहे. तेथे अखेरीस ६३ निष्क उरतात आणि मूळ रक्कम ५४० निष्क येते. त्यासाठी इष्टकर्माची रीत सांगितली आहे. त्या रीतीने वरील उदाहरणात पुस्तके ६ मानल्यास २ थकीत राहतात; प्रत्यक्षात ३६ आहेत, म्हणून ६ × ३६ ÷ २ = १०८. या रीतीत प्रत्येक विधान क्रमाने पडताळावे लागते, हा तिचा अध्यापनदृष्ट्या मोठा लाभ होय.

समारोप :
प्रत्येक अपूर्णांकापुढे ‘कशाचा?’ हा प्रश्न विचारण्याची आणि ताळा मूळ विधानांशी घेण्याची सवय लावल्यास ही चूक टाळता येते. गणिताच्या अध्यापनात भाषेचे वाचन हाही गणिताचाच भाग मानणे आवश्यक आहे.